चिखलातल्या पाइलचा वाक

चेंबूरहून माहुलच्या खाडीकडे गेलात, की आधी मऊ चिखल लागतो. कातळ खाली, खोलवर. इथे रोवलेली पाइल उभं वजन पेलते. घात करतो तो भूकंपाचा किंवा लाटांचा आडवा धक्का. १८६७ मध्ये विंकलर यांनी जमिनीला स्प्रिंगांची रांग मानलं. तेलविहिरींच्या फलाटांसाठी अमेरिकेत मॅटलॉक यांनी १९७० मध्ये दाखवलं, की मऊ मातीतली ही स्प्रिंग ताणाबरोबर ढिली पडते.

आपल्या आयएस २९११ मध्ये पाइल ठरावीक खोलीवर घट्ट धरली आहे असं मानतात. वाकवणारा जोर त्यात जास्तच येतो, म्हणून गुणक लावून कमी करायचा! संगणक पाइलचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकाचा वाक काढतो. मात्र स्प्रिंग किती कडक, हे त्याला बोअरमधून काढलेल्या चिखलाच्या नमुन्यावरून सांगता येतं.