लठ्ठ कोंबडीचं कोडं

कोंबड्यांचा विषाणू म्हटलं की आपल्या ठाणे जिल्ह्याला फेब्रुवारी २०२२ आठवतो. शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू आला आणि हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. आजची गोष्ट मात्र जुनी आहे, विषाणूही वेगळा. त्यासाठी डोंबिवलीहून स्लो लोकल पकडून परळला उतरायचं. तिथे १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

१९८०च्या दशकात पोल्ट्रीत साथ आली. तिथले डॉ. एस. एम. अजिंक्य यांना मेलेल्या कोंबड्यांच्या पोटात भरपूर चरबी दिसली. त्यांनी शोधलेल्या विषाणूचं नाव एसएमएएम-१. हे त्यांचं निरीक्षण ऐकून मुंबईतले लठ्ठपणाचे डॉक्टर निखिल धुरंधर चमकले. आजारानं मरणारा पक्षी वाळायला हवा ना? मग चरबी कुठून आली?

त्यांनी निरोगी कोंबड्यांना मुद्दाम लागण केली. पोटातली चरबी वाढली, पण रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलं! १९९२ मध्ये शोधनिबंध आला. पुढे त्यांनी मुंबईतल्या ५२ लठ्ठ माणसांचं रक्त तपासलं. १० जणांत या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. त्यांचं सरासरी वजन इतरांपेक्षा सुमारे १५ किलो जास्त होतं, आणि कोलेस्टेरॉल कमी. अगदी कोंबड्यांसारखंच.

धुरंधर अमेरिकेला गेले, पण तिथल्या कृषी खात्यानं हा विषाणू आणू दिला नाही. मग त्यांनी त्याच कुळातला, माणसाला होणारा एडी-३६ घेतला. विषाणू एकटा वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. म्हणून प्रयोगशाळेत बशीमध्ये पेशी वाढवतात आणि त्यांना लागण करतात. उंदराच्या ज्या पेशींपासून चरबीच्या पेशी बनतात, त्यांना एडी-३६ दिला. त्या जास्त प्रमाणात चरबीच्या पेशी झाल्या, आत चरबीही जास्त साठली. म्हणजे ताटात काय आहे याचा संबंधच नाही. बशीतली पेशी काही वडापाव खात नव्हती!

आता घाई नको. अँटिबॉडी सापडल्या म्हणजे लठ्ठपणा विषाणूनंच आला, असं सिद्ध होत नाही. खाणं, झोप, आनुवंशिकता हे सगळं आहेच. पण जाड माणूस दिसला की आपण लगेच म्हणतो, "आळशी आहे, खातो फार." मला वाटतं, परळच्या त्या कोंबड्यांनी या निकालावर निदान एक प्रश्नचिन्ह तरी लावलं.

तुमच्या घरात असं कुणाला ऐकावं लागतं का? त्यांना हा भाग नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!