कार्टर घराण्याचा अंगठा

कंट्री संगीतात गिटार पुढे येऊन स्वतः गाणं बोलू लागली, याचं श्रेय मी सर्वांत आधी मेबेल कार्टरच्या उजव्या अंगठ्याला देईन.

व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातल्या पूअर व्हॅलीत राहणारे ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि साराची धाकटी जाऊ मेबेल, असा तिघांचा हा ‘कार्टर फॅमिली’ बँड. ऑगस्ट १९२७ मध्ये ब्रिस्टल गावी व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीर यांनी त्यांची सहा गाणी ध्वनिमुद्रित केली. मेबेल तेव्हा १८ वर्षांची होती आणि गरोदर होती.

तोवर त्या भागातल्या गाण्यात धून वाजवायची ती प्रामुख्याने फिडलने नाहीतर बँजोने. गिटार मागे बसून ठेका धरायची. या तिघांत फिडल वाजवणारं कोणी नव्हतं. सारा आपल्या भरदार, खालच्या आवाजात गायची आणि ऑटोहार्प हे तंतुवाद्य छेडायची. मेबेलने धून आणि ठेका दोन्ही एकाच हातावर घेतले. अंगठा खर्जाच्या तारांवर धून वाजवी आणि दोन सुरांच्या मधल्या जागेत तर्जनी वरच्या तारा झटकून ठेका भरी. हाच ‘कार्टर स्क्रॅच’. १९२८ च्या ‘वाइल्डवूड फ्लॉवर’मध्ये तो लख्ख ऐकू येतो.

या कुळकथेत लेस्ली रिडल यांचं नाव यायलाच हवं. एक पाय गमावलेला हा कृष्णवर्णीय गिटारवादक ए. पीं.बरोबर गाणी गोळा करत हिंडायचा, ए. पी. शब्द टिपून घेत, रिडल चाल लक्षात ठेवत. त्यांचं वादन पाहून मेबेलने बोटांच्या कितीतरी करामती उचलल्या. गाण्यांचे हक्क मात्र ए. पीं.च्या नावावर नोंदले गेले, आणि हा अन्याय मला आजही बोचतो.

सारा आणि ए. पी. यांचा १९३६ मध्ये घटस्फोट झाला, तरी गाणं चालूच राहिलं. मेक्सिकोच्या हद्दीतल्या जबरदस्त ताकदीच्या रेडिओ केंद्रावरून ते अमेरिकाभर पोचलं. १९४३ मध्ये मूळ बँड थांबला.

मग मेबेलने हेलन, जून आणि अनिता या मुलींना घेऊन नवा संच बांधला. आता बहिणींचे एकमेकांत मिसळलेले आवाज पुढे आले. १९५० मध्ये हा संच नॅशविलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला, तेव्हा सोबत चेट ॲटकिन्सची इलेक्ट्रिक गिटार होती. त्याची रीत नेमकी उलटी: अंगठ्याकडे खर्जाचा ठेका, बोटांकडे धून.

मेबेलने मात्र आपली रीत सोडली नाही. १९७१ मध्ये ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’च्या तरुणांनी तिला ध्वनिमुद्रणाला बोलावलं, तेव्हाही ‘वाइल्डवूड फ्लॉवर’ची धून तिच्या अंगठ्याकडेच होती.