इंग्रजी क्रियापदांचे सोबती

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्याची मोठ्या शब्दांशीं लवकर मैत्री जमते. त्याला अडवितात ते लहान शब्द. 'एक्स्टिंग्विश' म्हणजे विझविणें, हें एकदां पाठ केलें कीं त्याचें काम भागतें. परंतु 'पुट' म्हणजे ठेवणें व 'आउट' म्हणजे बाहेर हें ठाऊक असूनही 'पुट आउट' म्हणजे विझविणें कसें, हें कोणताही तर्क त्याला सांगत नाहीं. त्यांत विशेषणें मिसळलीं कीं गोंधळ वाढतो. 'ड्राय' म्हणजे कोरडा, पण 'ड्राय अप' म्हणजे पार आटून जाणें. 'शॉर्ट' म्हणजे आखूड, पण 'कट शॉर्ट' म्हणजे मध्येंच आटोपतें घेणें. हा सारा बेबंद कारभार आहे असें म्हणून पुष्कळ जण मोकळे होतात. आमच्या मतें तो बेबंद नाहीं. त्याला इतिहास आहे, आणि तो कळला म्हणजे कोडें बरेंच उलगडतें.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस या इतिहासाचा आरंभ परका वाटणार नाहीं. एकाच 'हृ' धातूपासून आहार, विहार, संहार, प्रहार असे भिन्नार्थी शब्द केवळ उपसर्गांच्या बळावर निघतात. प्राचीन इंग्रजींतही क्रियापदांस असेच उपसर्ग लागत. 'फर्गिव्ह', 'विथस्टँड' हीं त्यांतलीं टिकून राहिलेलीं रूपें. वैदिक भाषेंत उपसर्ग धातूपासून सुटा राहूं शके. पुढें लौकिक संस्कृतांत तो धातूस चिकटला. इंग्रजीचा प्रवास उलट दिशेनें झाला. जुने उपसर्ग निस्तेज होत गेले आणि त्यांचें काम क्रियापदामागून येणाऱ्या 'अप', 'आउट', 'ऑफ' अशा सुट्या अव्ययांनीं पत्करलें. १०६६ मध्यें नॉर्मनांनीं इंग्लंड जिंकल्यावर दरबारांत फ्रेंच आली. विद्येची भाषा लॅटिन होतीच. इंग्रजी उरली ती मुख्यतः सामान्य जनांच्या तोंडीं, आणि तेथेंच हीं जोडक्रियापदें वाढीस लागलीं.

याच सुमारास दुसरीही एक गोष्ट घडत होती: शब्दांच्या शेवटचे प्रत्यय गळत होते. प्राचीन इंग्रजींत 'कोरडा' या अर्थाचें विशेषण व 'वाळविणें' या अर्थाचें क्रियापद हीं प्रत्ययांवरून वेगळीं ओळखूं येत. प्रत्यय गळतांच दोहोंचें 'ड्राय' असें एकच रूप झालें. 'वॉर्म' व 'कूल' यांचीही तीच गत झाली. मग 'ड्राय अप', 'वॉर्म अप', 'कूल डाउन' असें म्हटलें कीं ऐकणारास क्रिया कोणत्या दिशेनें व कोठवर गेली हें कळूं लागलें. 'ड्राय अप' मधील 'अप'चा अर्थ 'वर' असा नव्हे. तो 'पुरतें' असा आहे.

विशेषणाचें लिंगवचनही असेंच गेलें. आपण 'दार उघडें केलें', 'खिडकी उघडी केली', 'डोळे उघडे केले' असें म्हणतों. इंग्रजींत सर्वत्र एकच 'ओपन'. असें अविकारी झालेलें विशेषण दिसावयास अव्ययासारखेंच दिसूं लागलें, आणि 'ब्रेक ओपन', 'सेट फ्री', 'ले बेअर' यांत तें अव्ययाच्याच जागीं जाऊन बसलें. संभाषण 'ब्रेक ऑफ' करा कीं 'कट शॉर्ट' करा, शेवटचा शब्द क्रियेचा परिणाम सांगतो. 'दि डे टर्न्ड आउट फाइन' या वाक्यांतही 'फाइन' हा गुण दिवसाचा आहे, क्रियेचा नव्हे. म्हणून तेथें क्रियाविशेषण घालणारा विद्यार्थी चुकतो. उलट बाजूनें जोडक्रियापदेंच विशेषणें बनलीं: झिजलेला कोट 'वोर्न-आउट', वयांत आलेला मुलगा 'ग्रोन-अप'.

पंडितांनीं या लहान शब्दांकडे बराच काळ संशयानें पाहिलें. वाक्याच्या शेवटीं शब्दयोगी अव्यय येतें म्हणून ड्रायडननें १६७२ मध्यें बेन जॉन्सनला दोष दिला, आणि १६६८ च्या आपल्या नाट्यविषयक निबंधांतील तशीं वाक्यें १६८४ च्या आवृत्तींत बदललीं. कोशकार सॅम्युअल जॉन्सन अधिक सावध होता. १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेंत त्यानें कबूल केलें कीं, परकीयांस सर्वांत मोठी अडचण याच जोडणीची पडते, आणि अशा जोड्या त्यानें काळजीपूर्वक टिपल्या. तरीही या प्रकारास आजचें रूढ नांव मिळून तें ग्रंथांत येण्यास १९२५ साल उजाडलें. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविलेलें तें नांव लोगन पिअर्सल स्मिथ यांनीं आपल्या ग्रंथांत वापरलें. लोक शतकानुशतकें बोलत होते. शास्त्रानें नांव मागाहून दिलें.

यांत आपल्यासाठींही एक धडा आहे. 'मी बोलून टाकलें' यांत सुटका आहे, 'मी बोलून बसलों' यांत पश्चात्ताप आहे, 'मी बोलून ठेवलें' यांत दूरदृष्टि आहे. हा भेद आपल्या मुलांस कोणी शिकविला? तो त्यांनीं घरांत ऐकला. परंतु लेखणी हातीं घेतांच आपण या घरगुती क्रियापदांस दाराबाहेर बसवून जड संस्कृत शब्दांस पाट मांडतों, आणि इंग्रजी लिहितांना लॅटिन शब्दांस. विद्वत्तेचा हा आव महाग पडतो. मोठा शब्द अर्थ सांगतो. बोलणाऱ्याचें मन पुष्कळदां लहान शब्दच सांगतो. म्हणून इंग्रजीचे हे सोबती यादी करून घोकण्यापेक्षां जिवंत वाक्यांतून ऐकावे, आणि मराठीचे आपले सोबती लाज न बाळगतां लेखनांत आणावे, असें आमचें सांगणें आहे.