कान तपासणारा आणि मशीन विकणारा

हेडफोन लावून ऐकत असाल तर आजचा विषय थेट तुमच्या कानाशीच आहे. ऐकू कमी येतंय हे सांगायचा आणि त्यावर मशीन विकायचा अधिकार कुणाचा? यावरून अमेरिकेत कित्येक दशकं भांडण चाललंय.

दुसऱ्या महायुद्धातून कितीतरी सैनिक तोफा-बंदुकांच्या आवाजाने कान गमावून परतले. त्यांच्यासाठी लष्करी हॉस्पिटलांत खास केंद्रं निघाली. पेनसिल्व्हेनियातल्या डेशॉन हॉस्पिटलात रेमंड कारहार्ट यांनी कुणाला कोणतं श्रवणयंत्र किती उपयोगी पडतं, हे मोजायची पद्धत बसवली. ऑडिओलॉजी हा पेशा अशा केंद्रांतून उभा राहिला.

पण मशीन विकणारे दुकानदार आधीपासून होतेच. मग आपण वेगळे कसे? या लोकांच्या संघटनेने, म्हणजे 1925 पासूनच्या ‘आशा’ने, नियम ठेवला की सभासदाने नफ्यासाठी यंत्र विकायचं नाही. ऐकायला एकदम स्वच्छ! प्रत्यक्षात पेशंट तपासणीचा कागद घेऊन दुकानातच जाणार, आणि तिथे कोणतं मशीन गळ्यात मारायचं हे दुकानदाराच्या हातात.

शिवाय संघटनेचं सर्टिफिकेट म्हणजे काही कायदा नव्हे. लायसन्स द्यायचं काम तिकडे राज्यांचं. फ्लोरिडाने 1969 मध्ये ते सगळ्यात आधी केलं, बाकीची राज्यं एकेक करून मागून आली.

1977 मध्ये केंद्राच्या एफडीएने आणखी एक नियम आणला: मशीन घेण्याआधी डॉक्टरकडून कान तपासून घ्या. पण मोठ्या माणसाने ‘मला तपासणी नको’ अशी सही केली की झालं. नियम आणि पळवाट एकदमच!

खरी गंमत 1978 ची. सुप्रीम कोर्टाने इंजिनिअरांच्या संघटनेला झापलं (हो, आमचीच जमात). सभासदांनी भावाच्या स्पर्धेत उतरू नये, असा त्यांचा नैतिक नियम होता. कोर्ट म्हणालं, नैतिकतेच्या नावाखाली स्पर्धा मारता येणार नाही. त्याच वर्षी ‘आशा’नेही विक्रीबंदी काढली. मला हे पूर्ण पटत नाही. मशीन हवं की नको हे ज्याने सांगायचं, त्याचीच कमाई मशीनवर. पण निदान तो शिकलेला तरी असतो, हेही खरं.

आपल्याकडे राज्यांऐवजी केंद्राचा 1992 चा पुनर्वसन परिषदेचा कायदा आहे. नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! बरे इअरबड्स पण येत नाहीत तेवढ्यात.

आणि इअरबड्सवरून आठवलं. 2022 पासून अमेरिकेत सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी मोठ्यांना श्रवणयंत्र थेट दुकानातून मिळतं, तपासणीशिवाय. 2024 मध्ये एफडीएने एअरपॉड्स प्रोमधल्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मंजुरी दिली. कान फोनवरच तपासायचे, यंत्र तुमच्या कानात आधीच आहे. तपासणारा आणि विकणारा पुन्हा एकच झाला, आणि आता तो माझ्यासारखा कोड लिहिणारा आहे.