भांडण वाऱ्याशी

घरातल्या तरुण मंडळींनी विजेवरच्या गाड्या घ्यायला सुरुवात केल्यापासून लग्नकार्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "शहरात ही गाडी इतकी छान चालते, मग हायवेला लागली की चार्जिंग भराभर का उतरतं? पेट्रोलच्या गाडीचं तर उलटं असतं!"

पेट्रोलचं इंजिन सिग्नलला उभ्या उभ्याही पेट्रोल पितं. ब्रेक मारला की कमावलेला वेग उष्णता होऊन वाया जातो. विजेच्या गाडीची मोटर सिग्नलला स्वस्थ बसते, आणि वेग कमी करताना तीच जनित्र होऊन थोडी वीज बॅटरीत परत भरते. हायवेवर ब्रेकच फारसे लागत नाहीत, त्यामुळे हा फायदा संपतो आणि गाठ पडते वाऱ्याशी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलं तर तो १.५६ पट होतो, १२० ला सव्वादोन पट!

गंमत म्हणजे हे भांडण सव्वाशे वर्षांचं आहे. २९ एप्रिल १८९९ ला पॅरिसजवळ आशेर इथे कामीय जेनात्झी या बेल्जियन माणसाने रस्त्यावरची गाडी जगात पहिल्यांदा ताशी १०० किलोमीटरच्या पुढे नेली. वेग होता १०५.८८, आणि गाडी विजेवरची! वारा कापण्यासाठी तिला टॉर्पेडोचा आकार दिला होता. पण चाकं उघडी आणि जेनात्झीसाहेब कमरेपासून वर बाहेर. म्हणजे वाऱ्याला अर्धाच चुकवला :-)

पुढे स्वस्त पेट्रोल आलं आणि वाऱ्याची फिकीर कमी झाली. ती परत केली पॉल मॅकक्रेडी या अमेरिकन अभियंत्याने. १९७९ मध्ये त्याच्या विमानाने निव्वळ पायडल मारून इंग्लिश खाडी ओलांडली होती. माणसाच्या पायातली ताकद ती केवढी! तिथे वाया घालवायला काहीच नव्हतं. १९८७ मध्ये त्याच्या कंपनीने जनरल मोटर्ससाठी 'सनरेसर' ही सौर गाडी केली. ऑस्ट्रेलियातली डार्विन ते ॲडलेड ही सुमारे ३,००० किलोमीटरची शर्यत तिने जिंकली.

त्याच अनुभवातून १९९६ ची ईव्ही१ आली. तिची शिशाची बॅटरी पाचशे किलोच्या वर, पण त्यात वीज मावायची जेमतेम १६-१७ युनिट. म्हणजे दोन लिटरपेक्षाही कमी पेट्रोलमधली ऊर्जा! तेवढ्यात ती साधारण शंभरेक किलोमीटर जायची. याचं एक कारण मोटर फार थोडी ऊर्जा वाया घालवते, आणि दुसरं तिचा आकार: मागे निमुळती, मागची चाकं झाकलेली. हवेच्या विरोधाचा तिचा गुणांक ०.१९ होता. आजही बहुतेक गाड्या त्याच्या जवळ जात नाहीत. २००३ मध्ये कंपनीने प्रकल्प गुंडाळला आणि बहुतेक गाड्या परत घेऊन मोडीत काढल्या.

मला वाटतं, त्या काळच्या गरिबीने शिकवलेलं आपण सुबत्तेत विसरलो. आता बॅटऱ्या मोठ्या झाल्या, म्हणून गाड्याही उंच, ऐसपैस झाल्या. रेंज कमी पडली की आणखी बॅटरी घाला! २०२२ मध्ये मर्सिडीजच्या एका प्रायोगिक गाडीने जर्मनीहून दक्षिण फ्रान्सपर्यंत १,००८ किलोमीटर एका चार्जमध्ये कापले. शंभर किलोमीटरला ८.७ युनिट! गुणांक ०.१७, सरासरी वेग ८७. म्हणजे जमतं. फक्त वाऱ्याचा मान ठेवावा लागतो.

आपल्या महाराष्ट्रात वीज अजून मुख्यतः कोळशाचीच आहे. हायवेवर उधळलेलं प्रत्येक युनिट कुठल्यातरी धुराड्यातून आलेलं असतं. 'आमची गाडी धूर सोडत नाही' म्हणताना हे विसरून कसं चालेल?

असो. तुमच्यापैकी कुणाकडे अशी गाडी असेल तर तोच रस्ता एकदा ८० ने आणि एकदा १०० ने जाऊन बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ९४ किलोमीटरला, घाट बाजूला ठेवला तर, फरक पडतो पाव तासाचा. युनिट किती वाचले ते मात्र जरूर कळवा.