वसंतातील कलासंग्रहालये : नाशिक रोडच्या कुटुंबांसाठी एका दिवसाची सहल

नाशिक रोड - वार्षिक परीक्षा संपल्या, की पालकांपुढे सुटीचा प्रश्न उभा राहतो. पोहण्याचे वर्ग, छंदवर्ग आणि मामाचे गाव यांच्या यादीत कलासंग्रहालयाचे नाव क्वचितच असते. वास्तविक एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना नाशिक रोडच्या शाळांतूनही विद्यार्थी बसतात. मात्र, या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होऊनही एखाद्या मुलाने जुने मूळ चित्र किंवा शिल्प समोर उभे राहून पाहिलेच नाही, असे सहज घडू शकते. छापील चित्रातून आकार कळतो. रंगाचा थर, दगडाचा पोत आणि वस्तूचे खरे माप कळत नाही. ही उणीव भरून काढण्यास चैत्र-वैशाखातील सुटी उपयोगी पडते.

वसंतातील तीन दिवस

या ऋतूत संग्रहालयांशी निगडित तीन जागतिक दिवस येतात. १५ एप्रिल हा लिओनार्दो दा विंचीचा जन्मदिवस जागतिक कला दिन म्हणून, तर १८ एप्रिल जागतिक वारसा दिन म्हणून पाळला जातो. १८ मे रोजी आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो. त्याची प्रथा १९७७पासूनची आहे. या दिवसांच्या निमित्ताने अनेक संग्रहालये व्याख्याने, मार्गदर्शित फेऱ्या व मुलांच्या कार्यशाळा ठेवतात.

कोठे काय पाहावे?

मोठ्या कलासंग्रहालयासाठी नाशिक रोडकरांना मुंबई सोयीची. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून त्याच गाडीने रात्री परतता येते. काळा घोडा परिसरातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कोनशिला १९०५मध्ये बसली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची ही इमारत पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालय म्हणूनही वापरली गेली आणि १९२२मध्ये संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांचे संग्रह येथेच आले. सिंधमधील मीरपूर खास येथील बौद्ध स्तूपाच्या मातीच्या मूर्ती आणि अकबरकालीन 'अन्वार-ए-सुहैली'ची चित्रे हे येथील मोलाचे धन. या ग्रंथातील प्राणिकथांचे मूळ पंचतंत्रात असल्याने मुलांना त्या परक्या वाटत नाहीत. लघुचित्रे प्रकाशाने फिकी पडतात, म्हणून संग्रहालये ती सहसा आळीपाळीने मांडतात. विशिष्ट चित्र पाहायचे असल्यास आधी चौकशी करावी.

या संग्रहालयातील मोठी प्रदर्शने बहुधा हिवाळ्यात सुरू होतात. इजिप्तच्या ममींचे प्रदर्शन नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात भरले होते, तर 'इंडिया अँड द वर्ल्ड' हे नोव्हेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात. त्यामुळे वसंतात जाणाऱ्यांनी समारोपाची तारीख पाहूनच तिकीट काढावे.

जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (१९९६) आणि जहांगीर कलादालन (१९५२) आहे. पहिले सोमवारी बंद असते. दुसऱ्यात प्रवेश विनामूल्य असून, तेथे अनेकदा खुद्द चित्रकाराशीच बोलता येते.

मुलांसाठी

वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९मध्ये स्वतंत्र बालसंग्रहालय सुरू झाले. मुलांनी केवळ पाहू नये, तर हाताळावे, प्रश्न विचारावेत आणि प्रदर्शनाच्या मांडणीतही भाग घ्यावा, ही त्यामागील कल्पना. मुंबईला जाणे न जमणाऱ्या शाळांसाठी या संस्थेने २०१५मध्ये फिरते संग्रहालय सुरू केले. प्रदर्शन मांडलेली बस थेट शाळेच्या आवारात येते. मुख्याध्यापकांनी एकत्रितपणे मागणी नोंदविल्यास अनेक शाळांना एकाच फेरीत लाभ मिळू शकतो.

पूर्वतयारी घराजवळच

मुंबईला जाण्यापूर्वी एक सकाळ पांडवलेण्यांसाठी राखावी. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आणि गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री यांचे शिलालेख येथे आहेत. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर विजेत्या सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठविला होता. नोटांच्या छापखान्याच्या गावातील मुलांना ही गोष्ट चटकन उमजते. मग संग्रहालयातील जुनी नाणी त्यांना नुसती काचेआडची चकती वाटत नाही.

लक्षात ठेवावे

- एका भेटीत दोनच दालने पाहावीत; दीड तासानंतर मुले कंटाळतात.
- वही व पेन्सिल न्यावी. एका वस्तूचे रेखाटन दहा छायाचित्रांहून अधिक शिकविते.
- माहितीफलक वाचण्यापूर्वी मुलांना काय दिसते, ते विचारावे.
- वेळ, शुल्क, सुटीचे दिवस आणि कार्यशाळांची नोंदणी यांची खात्री निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून किंवा संकेतस्थळावरून करावी.
- मुंबईतील उकाडा ध्यानात घेऊन दुपारची वेळ दालनांत आणि सायंकाळची बाहेर घालवावी.