मेंदूतील तिसरा घटक

अर्धांगवायूचा झटका एका क्षणात येतो. परंतु मेंदूची हानी त्या क्षणी पुरी होत नाही. पुढे कित्येक दिवस कवटीच्या आत मोठी उलाढाल चालते. तिच्यातील मुख्य कामकरी कोण आणि ते नेमके काय करतात, हे उमगू लागायला विज्ञानाला जवळजवळ दीड शतक लागले. आम्ही कामगार चळवळीतली माणसे, वैद्यकाचे पदवीधर नव्हे. तथापि ज्यांचे नाव हजेरीपटावर नसते, त्यांच्या इतिहासाची आम्हांला जुनी ओढ आहे.

जर्मन वैद्य रूडॉल्फ फिरखो यांनी रक्ताची गुठळी एका ठिकाणी धरते आणि वाहत जाऊन दुसरीकडची शीर बंद करते, हे दाखवून दिले. (हेच फिरखो १८४८ साली अप्पर सायलेशियातील टायफसची साथ पाहायला गेले आणि साथीचे खापर दारिद्र्यावर व राज्यकारभारावर फोडून परतले. असो.) १८५६ साली त्यांनी मज्जापेशींच्या मधल्या भरावाला ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे मज्जेचा डिंक, असे नाव दिले. विचार करणाऱ्या त्या मज्जापेशी, बाकीचा नुसता डिंक! ही समजूत पुढे फार दिवस टिकली.

माद्रिदचे रामोन इ काहाल १९०६ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. मेंदूत मज्जापेशी आणि तारकापेशी यांखेरीज ‘तिसरा घटक’ आहे, असे त्यांनी १९१३ साली सांगितले. पण त्यांच्या रंगांत त्या पेशींना फांद्या दिसेनात. त्या दिसल्या त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या पीओ देल रीओ ओर्तेगा यांना. त्यांनी चांदीच्या क्षाराचा नवा रंग सिद्ध केला आणि १९१९ साली ‘मायक्रोग्लिया’ जगापुढे मांडल्या. एरवी या पेशी बारीक फांद्या पसरून असतात; इजा झाली की फांद्या आखडून फुगतात, सरपटत जखमेकडे जातात आणि मृत पेशींचा चुराडा गिळतात, हेही त्यांनी पाहिले. गुरूंना हे सारे रुचले नाही. १९२० साली ओर्तेगांना ती प्रयोगशाळा सोडावी लागली. चरित्रकार यात तिथल्या एका शिपायाशी झालेल्या खटक्याचाही उल्लेख करतात. त्या शिपायाची बाजू ऐकायला आम्हांला आवडली असती. पुढे स्पेनमधील यादवी युद्धाने ओर्तेगांना देशोधडीला लावले. १९४५ साली ब्यूनोस आयरेस येथे त्यांचा अंत झाला.

आता झटक्याकडे वळू. रक्त अडले की मज्जापेशी काही मिनिटांत मरू लागतात. त्यांच्यातून सांडलेल्या द्रव्यांची वर्दी मायक्रोग्लियांना पोचते. त्या उत्तेजक रसायने सोडतात; रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, शिरांच्या भिंती सैल होऊन पाणी झिरपते, सूज चढते. हाच दाह. कवटी हाडाची, सुजेला जागा कुठली? म्हणून शेजारच्या धडधाकट पेशीही भरडल्या जातात.

मग हा दाह मोडून काढला की झाले, असे पुष्कळांना वाटले. पांढऱ्या पेशींना शिरेच्या भिंतीला चिकटू न देणारे एक औषध ६२५ रुग्णांच्या चाचणीत तपासले गेले. निकाल २००१ साली प्रसिद्ध झाला: औषध घेतलेल्यांत मृत्यू अधिक! औषध उंदराच्या प्रतिपिंडांपासून केलेले होते, तेव्हा दोष त्याचाही असेल. पण २०१६ साली बुडापेस्टच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतून मायक्रोग्लियाच जवळजवळ नाहीशा केल्या आणि मग झटका घडवून आणला, तेव्हा मृत भाग सुमारे ६० टक्क्यांनी वाढला. ज्यांना आग लावणारे म्हटले, तेच आग विझवतही होते.

त्याआधी, २००५ साली, जिवंत उंदराच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाने डोकावले असता आणखी एक गोष्ट उघड झाली होती. ज्यांना पाठ्यपुस्तके ‘विश्रांत’ मायक्रोग्लिया म्हणत, त्यांच्या फांद्या अखंड हलत होत्या, भोवतालचा कोपरान्‌कोपरा चाचपत होत्या. बसून पगार खातो म्हणून ज्याच्यावर ठपका, तो रात्रभर गस्त घालताना सापडावा, तसे हे झाले!

झटका आलेल्या माणसासाठी आजही पहिली धडपड रक्तवाट मोकळी करण्याचीच. पुष्कळ रुग्णांत गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला की रुग्णालय गाठायचे, मालिश करीत बसायचे नाही. मायक्रोग्लियांना पहिल्या दिवसांत आवरावे की नाही, आणि आवरले तर पुढे राडारोडा उपसण्यासाठी मोकळे केव्हा सोडावे, यावर प्रयोगशाळांत अजून वाद चालू आहे.